मुकाम्बेतची बॅटरी आणि व्याह्यांचा नंबर

नारीनचा मुकाम्बेत गाडी धुवायला देण्याआधी स्टेपनी बघून ठेवतो आणि परत घेताना पुन्हा बघतो. त्याचं निम्मं आयुष्य नारीनहून राजधानी बिश्केकला जाणाऱ्या वडापवर गेलं. प्रवाशाने पिशवी ठेवली की आत काय आहे हे विचारल्याशिवाय तो गाडी सुरू करत नाही.

जपानहून आलेली जुनी सातसीटर घेतली तेव्हा तिच्या रेडिओवर नुसती खरखर होती. त्याचे आकडे आमच्या स्टेशनांपर्यंत पोचतच नव्हते. नकाशा लावला की गाडी समुद्रात. नकाशातली बाई सारखं जपानीत काहीतरी बजावायची. ती जुन्या मालकाला खबर देते, असं मुकाम्बेतचं मत होतं.

बिश्केकमध्ये गाड्यांचे रेडिओ बसवणारा जोल्चू हा त्याचा कुदा, म्हणजे व्याही. मुकाम्बेतची मुलगी बुरुल त्या घरात दिलेली. जोल्चूने एक छोटी डबी जोडून आपली स्टेशनं आणली, आपला नकाशा भरला, बाईला गप्प केलं. शरद ऋतूभर दोलोनच्या घाटात प्रवासी गाणी ऐकत गेले.

डिसेंबरात थंडी उतरली आणि एका सकाळी रेडिओच्या स्क्रीनला कुलूप लागलं. जपानी अक्षरं, खाली नंबर टाकायची जागा. बिश्केकपर्यंत गाडी मुकी. तिथे जोल्चूने स्क्रीनवर तळहात आडवा धरून नंबर दाबला, गाणं सुरू झालं. पैसे घेतले नाहीत. मुकाम्बेतचा संशय नेमका तिथून सुरू झाला, कारण पुढच्याच गारठ्यात पुन्हा तेच झालं. आणि नंतरही. चिनी रेडिओ बसवलेल्या गाड्या आधी भरू लागल्या.

"कुलूप त्यांनीच घातलंय," तो बायकोला, साकिनला म्हणाला. "किल्ली त्यांच्याकडे."

"फुकट उघडून देतात ना?"

"म्हणूनच म्हणतो. फुकट कोण उघडतं?"

त्याने रात्री गाडीच्या दारांना दोरा बांधून पाहिला. सकाळी दोरा शाबूत, स्क्रीन बंद. मग त्याची खात्रीच पटली, की हे बिश्केकमध्ये बसून करता येतं.

जोल्चूने एकदा विचारलं होतं, बॅटरीच्या वायरी कुणी काढतं का. आपल्यावर ढकलायला बघतोय, असं मुकाम्बेतला वाटलं. माझ्या बॅटरीला मी कुणाला हात लावू देत नाही, असं त्याने ठणकावलं.

त्या दिवशी बुरुलने दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरून पाव ठेवला. मुकाम्बेत चहा पिऊन उठला, पावाचा तुकडाही न मोडता. आमच्यात भांडायला आलेला माणूससुद्धा चिमूटभर मोडतो. दोन दिवसांनी बुरुलने आईला फोन केला: सासू तिच्याशी बोलत नव्हती.

संध्याकाळी मुकाम्बेतने नेहमीसारखी बॅटरी उचलून घरात आणली आणि चुलीशेजारी जुन्या कोटात गुंडाळून ठेवली. नारीनमध्ये सगळेच आणतात. नाहीतर सकाळी गाडी हलत नाही. चहाची किटली घेऊन साकिन तिला वळसा घालून गेली आणि थांबली.

"ही घरात झोपते, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची गाणी बंद. परवा आभाळ होतं, थंडी कमी होती, तुम्ही आणली नाहीत. सकाळी गाणी चालू होती."

मुकाम्बेतने कोटाची घडी बाजूला करून बॅटरीकडे बघितलं.

"आणि कुदांनी विचारलं तेव्हा काय सांगितलंत?"

"कुणी हात लावत नाही म्हणालो. खोटं नव्हतं. माझ्याशिवाय कुणी लावत नाही."

व्याह्यांकडे चूक कबूल करायला रिकाम्या हाताने जात नाहीत. पुढच्या फेरीला मागच्या दोन जागा मेंढीला गेल्या. मेंढीचंही तिकीट काढलंय का, असं एका प्रवाशाने विचारलं. मुकाम्बेत हसला नाही.

अंगणात त्याने जोल्चूला सगळं सांगितलं. जोल्चूने मेंढीची दोरी हातात घेतली.

"बॅटरीची वायर सुटली की चोरी झाली समजून रेडिओ स्वतःच कुलूप लावतो. पण मी बिश्केकचा. तुमच्याकडे बॅटरीला घरात झोपवतात, हे मला कसं कळणार?" मग त्याने नंबर मोठ्याने सांगितला.

"मग लपवत का होता?"

"कुदा, असे नंबर काढून देणं हाच माझा धंदा. मोठ्याने सांगत बसलो तर दुकानात विकू काय?"

हे मुकाम्बेतला पटलं. तरी त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर काढली, पुन्हा लावली, आणि सीटवर बसून सांगितलेला नंबर स्वतः दाबला. जोल्चू मेंढी धरून उभा होता. दारात बुरुल, तिच्यामागे तिची सासू.

गाणं लागलं. मुकाम्बेतने ते बंद केलं, हात धुतले, आत गेला आणि बसण्याआधी पाव मोडला.