‘डांबर’चा अंकुश

अंकुश गेल्याचं दिगंबरनं फोनवर सांगितलं तेव्हा मी अंबडच्या बसस्टँडवर शाळेच्या गाडीची वाट बघत होतो. “आरं मन्या, अंकुश गेला रे… सकाळी दुकान उघडलं, छातीत कळ आली म्हनला, अन् दवाखान्यात न्हेईस्तोवर…” दिगंबर टेंभुर्णीहून निघाला होता. शाळेची गाडी आली, पण मी तिच्यात चढलोच नाही. शेजारी अंकुशच्या गावची, कुंभार पिंपळगावची गाडी लागली होती, तिच्यात चढलो. निम्मी गाडी रिकामी, तरी मी दांडा धरून उभाच. “मास्तर, जागा हाये ना, बसा की बराबर,” कंडक्टर म्हणाला. बसवतच नव्हतं. चाळिशीसुद्धा न गाठलेला माणूस सकाळी दुकान उघडतो काय आणि संध्याकाळी त्याची राख होते काय! खरं सांगतो, मला अंकुशचा रागच आला होता. असं न सांगता निघून जायची काय पद्धत आहे?

काही आठवडे उलटले. तो राग अजून उतरलेला नाही, फक्त त्याची दिशा बदलली. तेरवीच्या दिवशी गावात शोकसभा झाली. माईक आला, सतरंज्या आल्या, आणि एक पुढारी उठून म्हणाले, “आपला अंकुश आज गेला नाही. ज्या दिवशी त्याचा बँड फुटला, त्याच दिवशी तो गेला होता. नंतर जगलं ते नुसतं शरीर!” लोकांनी माना डोलावल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण घरी परतताना त्या तिडकीखाली एक भीती हळूच येऊन बसली… हे खरं असलं तर? आम्हा तिघांचा बँड फुटल्यावर अंकुश अन् मी लग्नात, बाजारात किती वेळा भेटलो. त्यानं शाळेचं विचारावं, मी दुकानाचं विचारावं, पण बँडचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. म्हणजे इतकी वर्षं माझा मित्र आतल्या आत कुढत जगला? हे कळल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडेना.

अंकुश, दिगंबर आणि मी जालन्याला शिकायला होतो तेव्हा एकाच खोलीवर राहायचो. नव्वदच्या पुढची वर्षं. अंकुश आयटीआयला वायरिंग शिकत होता. वरच्या मजल्यावर एक बाहेरगावचा पोरगा इंग्रजी कॅसेट लावायचा, आणि त्यातल्या गिटारीचं किंचाळणं ऐकून अंकुश अक्षरशः येडा झाला. कुठून तरी त्यानं जुनी लाकडी गिटार मिळवली. भंगारातल्या विजेच्या रिलेमधली केसाएवढी बारीक तार काढून ती लोहचुंबकावर गुंडाळली, गिटारीच्या तारांखाली बसवली, आणि तिचं दुसरं टोक एका रेडिओच्या पोटात जोडलं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा घरमालकीणबाई पिठाच्या हातानं पळत आल्या, “आगं माय, कोनाला करंट लागला?” मी ड्रम बडवायचो, दिगंबर गायचा. गाणी आमचीच, आमच्याच बोलीत. अंकुशचा दंडक एकच, “सिनेमाचं गानं वाजवायचं न्हाई. बिलकुल न्हाई!” त्या वर्षी गावच्या रस्त्यावर डांबर पडून राह्यलं होतं, म्हणून बँडचं नाव ठेवलं ‘डांबर’. दिगंबरला ‘स्वरांजली’ ठेवायचं होतं. अंकुश त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही.

आणि मग तो अंबडचा गणपती. ठरलेला ऑर्केस्ट्रा यायला उशीर झाला म्हणून मंडळानं आम्हाला तेवढ्यापुरतं स्टेजवर ढकललं. आम्ही ‘लाईट आली, लाईट गेली, मधल्या वेळात जवानी गेली’ हे आमचं गाणं सुरू केलं, आणि देवाची करणी बघा, ऐन मधे लाईटच गेली! लोक हसून हसून बेजार. दिगंबर माईकशिवाय ओरडून गात राहिला, समोरची गर्दी त्याच्या मागं ओरडत राहिली, आणि लाईट आली तेव्हा अंकुशच्या गिटारीनं अशी बोंब मारली की पोरांनी एकमेकांना खांद्यावर उचललं. आठवड्याभरात जालन्याच्या एका पेपरात आमचा फोटो. खाली लिहिलेलं, ‘मराठवाड्याचा झंझावात’. आमच्याजवळ तेव्हा चार गाणी होती. चार!

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कुणाचं जरा नाव झालं की त्याचं काम मागाहून बघायचं, आधी त्याला खुर्चीत बसवून सत्कार करायचा. पतसंस्थेनं केला, व्यायामशाळेनं केला, वाचनालयानं केला. आमच्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध’ लागलं. दर ठिकाणी पाहुण्यांचं स्वागत, प्रास्ताविक, मनोगतं. ‘या पोरांनी जिल्ह्याचं नाव सातासमुद्रापार नेलं’ असं ठोकून द्यायचे, आणि आम्ही तोवर गोदावरीच्या पल्याडसुद्धा गेलो नव्हतो. शेवटी सूत्रसंचालक म्हणणार, “वेळेअभावी आपण एकच गीत ऐकूया.” कधीकधी तेही राहून जायचं. दिगंबरच्या आईनं शालींची गोधडी शिवली. माझ्या घरी सकाळ-संध्याकाळ खोबऱ्याची चटणी, बाप म्हणायचा, “एकदा तरी कोनीतरी डाळ देऊन सत्कार करा म्हनावं.” दिगंबरला हे सगळं आवडून राह्यलं होतं, मलाही आवडत होतं, खोटं कशाला बोलू? अंकुशला मात्र खुर्चीत बसणं म्हणजे शिक्षा. त्याचा पाय सारखा हलायचा. एकदा गळ्यातल्या हारातून मान काढून माझ्या कानात म्हणाला, “मन्या, हे आपला सत्कार करून राह्यले का तेरवी?” पाचवं गाणं त्यानं किती वेळा सुरू केलं, पण दर वेळी कुणीतरी जीप घेऊन दारात हजर. पोरं सरावाला म्हणून जमायची आणि इस्त्रीचे शर्ट घालून सत्काराला जायची, असं आमचं झालं होतं.

त्यातच कॅसेट काढायचं ठरलं, आणि एका मंडळानं लगोलग तिच्या प्रकाशनाला मोठे पाहुणे गाठले. पाहुण्यांची तारीख मिळाली. कॅसेटचा अजून पत्ता नव्हता. आठ गाणी पाहिजेत, आमची गाडी अजून चारावरच. “मंग तारीख पुढं ढकला की,” अंकुश म्हणाला. मंडळाचा अध्यक्ष त्याच्याकडं असा बघत राहिला, जणू यानं सूर्यालाच आज नको, उद्या उगव म्हणून सांगितलंय. “पाव्हन्यांची तारीख कधी ढकलत असत्यात व्हय? कॅसेट नंतर भरू!” आणि खरंच, आमच्या फोटोचं कव्हर छापून आणलं, ते रिकाम्या डब्यांत घातलं, डबे चमकीच्या कागदात गुंडाळले. भर दुपारी मांडव गच्च भरला. पाहुण्यांनी कागद फाडला, डबी उंच धरली, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. मी पण टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात अंकुश उठला. हार काढून खुर्चीवर ठेवला आणि माईक ओढून घेतला. “ह्या डबीत काईच न्हाई,” तो म्हणाला. “आमच्यापाशी चार गाने हायेत. ते आता वाजवतो, ज्याला ऐकायचे त्यानं ऐकावं.” आभारप्रदर्शन राह्यलंय म्हणून कुणीतरी ओरडलं. पाहुणे तटकन उठले, त्यांच्यामागं मंडळ, मंडळामागं मांडव. आम्ही चारही गाणी वाजवली… समोर रिकाम्या खुर्च्या आणि चहाचे कप गोळा करणाऱ्या दोन बाया. अंकुश त्या दिवशी जसा वाजला तसा मी त्याला पुन्हा कधी ऐकला नाही.

झालं. पेपर गप्प, जीपा गप्प. अंबडच्या गणपतीपासून मोजलं तर दीडेक वर्षाचा खेळ. दिगंबर टेंभुर्णीला चुलत्याच्या खताच्या दुकानात बसला, मला मास्तरकीची ऑर्डर आली, अंकुशनं गावात मोटारी भरायचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, आतली तार नव्यानं गुंडाळायची, हे त्याचं काम. भांडण झालं नाही, निरोपही झाला नाही. मी ड्रम सासऱ्याच्या माळ्यावर टाकून दिले.

मागच्या रविवारी अंकुशच्या बायकोनं, संगीतावहिनींनी बोलावलं म्हणून गेलो. दुकानात लोकांच्या मोटारी पडून होत्या, ज्याची त्याला द्यायची होती. आम्ही दोघं नावं बघून मोटारी लावत होतो, आणि मला राहवेना. “वहिनी, अंकुश कधी बँडचं बोलायचा का हो?”

“बोलायचे न्हाई, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “वाजवायचे.”

“कधी?”

“हेच की… मोटारीला वार्निश लावलं की वाळस्तोवर काम ऱ्हायचं न्हाई. मानसं मोटारीसाठी बसलेली असायची. मंग त्यांच्यासाठी वाजवायचे. रोजच.”

तेवढ्यात वस्तीवरचे आसारामकाका आपली मोटार न्यायला आले. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “काका, ते गानं म्हना की, तुमच्या आवडीचं.” काका लाजले, फेट्याला हात लावला, आणि मोटारीवर बूड टेकून खड्या आवाजात म्हणायला लागले, “बोअर कोरडी, मोटार गरम, बटन दाबू दाबू बोट झालं नरम…” मी हे गाणं कधीच ऐकलं नव्हतं. पण चाल कुणाची आहे हे मला झोपेतसुद्धा कळलं असतं. अशी कितीतरी आहेत, वहिनी म्हणाल्या. बसलेल्या माणसांनाच पाठ.

दोन ओळी झाल्या आणि काका थांबले. हात वर, ओठ मिटलेले, नजर समोर.

“काय झालं, इसरले का काका?” मी विचारलं.

“इसरतो कशाला!” काका चिडले. “इथं थांबावं लागतंय. इथं मन्याचं वाजतंय.”

“कोन मन्या?”

“काय की बुवा. अंकुश म्हनायचा, येवढी जागा मन्याची हाये, इथं कोनी मधी बोलायचं न्हाई. मंग समदेच थांबायचो आम्ही.”

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. शोकसभेतले ते शब्द आठवले, इतक्या दिवसांची ती तगमग आठवली आणि मी त्या म्हाताऱ्या माणसासमोर ढसाढसा रडलो. अरे, बँड फुटलाच नव्हता; मला कुणी कळवलं नव्हतं, एवढंच!

“म्हना काका, पहिल्यापासून म्हना,” मी म्हणालो. काकांनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच जागी थांबले, हात वर केला. मी शेजारच्या मोटारीच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी वाजवलं. सवय गेलेली, बोटं जड झालेली, जरा लांबलंच. आसारामकाकांनी हातानंच मला ‘आता बस’ केलं आणि पुढचं कडवं उचललं.