अठ्ठावीस गुणांचा नायक

आमच्या गणिताच्या बाईंनी एका सिनेनटावर जितकं डोळस प्रेम केलं, तितकं साऱ्या नाशकात कुणी सख्ख्या नवऱ्यावरही केलं नसेल. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्या द्वारका चौकाजवळच्या माझ्या सायबर कॅफेचा जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "तू भूमितीत कच्चा होतास, पण कॉम्प्युटर बरा शिकलास म्हणे. मला त्याची वेबसाइट काढायची आहे." 'तो' म्हणजे मराठी पडद्यावरचा एक देखणा नायक. त्याचं नाव घ्यायची त्यांना कधी गरजच वाटली नाही. तेव्हा मराठी अक्षरं दिसण्यासाठी आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. त्यामुळे पहिल्या पानावर नायकाच्या फोटोऐवजी बाईंच्या सूचना होत्या, क्रमांक घालून.

इतर चाहते आपल्या नायकाची रास आणि आवडती भाजी छापत. बाई गुणपत्रिका छापत. प्रत्येक चित्रपट त्या तीनदा पाहत: एकदा हौसेने, एकदा कथा सोडून फक्त त्याला, आणि तिसऱ्यांदा वही घेऊन. संवाद, रडणं, चालणं, समोरच्याचं ऐकून घेणं, सगळ्याला वेगळे गुण, नाच ऐच्छिक. मी टाइप करताना एखादा शब्द मवाळ केला, तर मागून आवाज येई, "मी सांगते तेवढंच लिही." एका चित्रपटात त्याने जुळ्या भावांचं काम केलं होतं. बाईंनी शंभरपैकी अठ्ठावीस दिले आणि शेरा मारला, 'दोघांत फरक फक्त मिशीचा.'

आठवड्याभरात नायकाच्या सचिवाची ईमेल आली. हे गुण काढा, नाहीतर वकिलाची नोटीस येईल. मी घाबरलो, कारण साइटवर पत्ता माझ्या कॅफेचा होता. बाईंनी चष्मा पुसून ईमेल दोनदा वाचली. चित्रपट नाशकातून उतरला होता, पण इगतपुरीला लागला होता. दुसऱ्या दिवशी त्या एसटीने तिकडे गेल्या, भर पावसात. परत येऊन त्यांनी मला उत्तर सांगितलं, "पुनर्तपासणीचा आपला अर्ज मिळाला. चित्रपट पुन्हा पाहिला. एक गुण कमी होत आहे."

यानंतर नोटीस आली नाही. काही दिवसांनी खुद्द नायकाची दोन ओळींची ईमेल आली, 'बाई, ऐकून घेण्यात मला नेहमीच कमी गुण का?' बाईंनी त्याला पानभर उत्तर दिलं. समोरचा बोलत असताना तू स्वतःचं पुढचं वाक्य पाठ करत असतोस, ते डोळ्यांत दिसतं, वगैरे. त्यावर काही आलं नाही. मला वाटलं, दुखावला.

पुढे त्याचे चित्रपट पडत गेले, केस विरळ झाले, नायकाची कामं दुसऱ्यांकडे गेली. अशात एक दिवस त्याची ईमेल आली: नवा चित्रपट येतोय, मी बापाच्या भूमिकेत आहे, बहुधा शेवटचाच, तुम्ही पाहाल का? चित्रपट लागला तेव्हा बाईंनी मलाही चल म्हटलं. त्याच दिवशी कॅफेत नवे कॉम्प्युटर यायचे होते, म्हणून मी पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो आणि बाई एकट्याच गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाई उशिरा आल्या. वही उघडून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. पान कोरं होतं.

"गुण?" मी विचारलं.

"अरे, बघतच बसले. मुलगी बोलत होती आणि तो नुसता ऐकत होता. गुण द्यायचं लक्षातच राहिलं नाही." मग म्हणाल्या, "त्याला तसंच कळव."

मी कळवलं. त्याचं उत्तर आलं, तेव्हा बाईंनी मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसून वाचलं. त्यात काय होतं, ते मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी थिएटरवर गेलो, तर पोस्टर बदललेलं होतं. तो चित्रपट नाशकात पुन्हा लागला नाही. बाई आता नाहीत, साइटही केव्हाच बंद पडली. जुन्या सीडींच्या दुकानात गेलो की अजून मी त्या चित्रपटाची चौकशी करतो. दुकानदार नाव दोनदा विचारून घेतो आणि मान हलवतो.