तारेच्या जाळीतली धुरपदा

मेहरूणच्या आमच्या गल्लीत निंबा चाळणीवाल्याने दुसरी बायको आणली, ही बातमी मीच पसरवली होती. आधीच कबूल करतो, नाहीतर दुसरा कुणीतरी येऊन सांगेल आणि तिखटमीठ माझ्यापेक्षा कमी घालेल. छप्पन्न साल होतं. मी जकात नाक्यावर कारकून. गाडीत काय भरलंय हे दिवसभर विचारणाऱ्या माणसाची खोड घरी आल्यावर सुटत नाही. निंबाच्या दाराच्या फटीतून मी पाहिलं, तर हा गडी एका बाईचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या गालावरून अंगठा फिरवत होता. डोकं तारेचं होतं हे मला दिसलं होतं. बातमीत मी तेवढं गाळलं.

निंबा मूळचा रावेरकडचा. चाळण्या, उंदरांचे पिंजरे, पोपटांचे पिंजरे, सगळं तारेचं काम. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी तो बायको आणि पाच-सहा वर्षांची पोर घेऊन आमच्या गल्लीत राहायला आला, आणि दोन महिन्यांत बायको देवीच्या रोगाने गेली. तिचं नाव धुरपदा. गल्लीत तिचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. रावेरकडच्या रीतीने ती मोठ्यांसमोर पदर थेट हनुवटीपर्यंत ओढायची. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं तिच्या सासूचं म्हणणं, त्यामुळे फोटोही नाही. फोटो न काढून आयुष्य किती वाढलं ते सासूलाच ठाऊक.

निंबाने पोरीला एकट्याने वाढवलं. पंधरावं लागताच पारोळ्याला दिली. हळदीच्या दिवशी त्या पोरीने, पुष्पाने, त्याला विचारलं, "नाना, माही माय दिसायले कशी व्हती?"

"चांगली व्हती."

"चांगली म्हंजे कशी?"

निंबा बोलायला उभा राहिला की शब्द घरी विसरून आलेला माणूस. नाक कसं, डोळे कसे, त्याला काहीच सांगता येईना. शेवटी म्हणाला, "आखाजीले येशीन ना? तव्हा दाखोतो."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर मांडतात. त्या घागरीशेजारी धुरपदा ठेवायची, असं त्याच्या मनात बसलं. हाताशी तीन महिने होते.

जाळी त्याच्या हातातली. त्याने काळी, बिनकलईची मऊ तार घेतली, कारण ती गालासारखी वळते. पळी उलटी धरून गाल फुगवले, पकडीने ओठ मुडपले. नाक मात्र अडलं. पहिलं नाक उंदराच्या पिंजऱ्याच्या दारासारखं झालं. शेजारच्या भागाबाईला त्याने बोलावलं, "भागाअक्का, हे तिच्यासारखं दिसतं का?"

"मुडद्या, मी तिची हनुवटी पाह्यली फक्त," भागाबाई म्हणाली. "अन् ही तर हवालदार दिसती. मिशी लाव."

नाक सोळाव्या खेपेला जमलं. पण चेहरा आरपार दिसायचा. तिच्या कपाळातून पलीकडची चूल दिसे. त्याने वरून माती थापली, ती वाळून खपल्या होऊन पडली. पिठाची खळ लावली, मुंग्या आल्या.

त्याच सुमारास मी नाक्याच्या ओट्यावरून पडलो. समोर दोन गाडीवान भांडत होते, कोण कुणाच्या आईबद्दल काय म्हणतो ते नीट ऐकू यावं म्हणून पुढे वाकलो, आणि घोट्याचं हाड मोडलं. निंबा समाचाराला आला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पायावर टिचक्या मारत बसला.

"हे काय व्हय?"

"प्लास्टर. पाय माझा आहे, हळू."

"वाजते कसं, मडक्यासारखं! कोनं केलं?"

प्लास्टर घालणारा फारुख कंपाउंडर माझ्या ओळखीचा. हाडांच्या एका डॉक्टरांकडे पंधरा वर्षं लोकांचे हातपाय गुंडाळत होता. निंबा रोज दुपारी त्या दवाखान्याच्या मागच्या पडवीत जाऊन बसू लागला. फारुखने त्याला शिकवलं तसं कुणी पोटच्या पोराला शिकवणार नाही.

"निंबाभाऊ, पानी में पावडर छोडो, पावडर में पानी नहीं. हात से छिडको, जैसे रांगोळी. बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं. गरम लागलं की हात काढायचा, मग ते कुणाचं ऐकत नाही."

पहिल्या दिवशी निंबाची चार बोटं वाडग्यातच अडकली. फारुखने हातोडीने वाडगा फोडला आणि हसून हसून खाली बसला. पण निंबाची खरी अडचण वेगळी होती. प्लास्टर घट्ट होईपर्यंत जाळीच्या भोकांतून खाली गळून जायचं. त्याने विचारलं, लवकर घट्ट व्हायला काय करता?

"चिमूटभर मीठ," फारुख म्हणाला. "पेशंट फार ओरडत असला तर."

निंबाने घरी येऊन मूठभर टाकलं.

आणि जमलं हो. आखाजीच्या आठ दिवस आधी मी काठी टेकत त्याच्याकडे गेलो. टर उडवायची म्हणून दोन वाक्यं वाटेत जुळवून ठेवली होती, ती दारातच राहिली. पांढरी, पदर खांद्यावर सोडलेली एक बाई फळीवर होती. कपाळ रुंद, खालचा ओठ जरा पुढे. आपल्याला हाक मारून आता काय सांगायचं ते विसरली आहे, असा चेहरा. निंबा म्हणाला, "हेच."

तिसऱ्या दिवशी तिच्या गालावर तांबूस ठिपका उठला. संध्याकाळपर्यंत सात. मिठाच्या ओलीने आतली तार गंजत होती आणि जाळीचा एकेक सांधा वर फुटून येत होता. निंबाने चुना लावला, रात्रीतून ठिपके चुन्यावर आले. पुन्हा लावला, पुन्हा आले. कपाळ, पापण्या, ओठ, कुठेही जागा राहिली नाही. देवीचा रोग ज्याने पाहिला आहे त्याला मी वेगळं सांगायला नको.

फारुखला आणलं. त्याने एका ठिपक्यावर नख घासून पाहिलं. "मीठ किती टाकलं?"

"मूठभर."

"हाडाला गंज चढत नाही, निंबाभाऊ," तो हळूच म्हणाला. "तारेचं मला काय ठाऊक."

निंबाने तिच्यावर धोतर टाकलं. पोरीला 'जमलं नाही' एवढंच सांगायचं त्याने ठरवलं. पुष्पा आखाजीच्या आदल्या दिवशी आली आणि आल्या आल्या तिने धोतर ओढलं. मी तिथेच होतो. न बोलावता जायची मला लाज कधीच नव्हती.

पोरगी उभी राहिली, मग खाली बसली. "माय," म्हणाली. एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेली. "अशीच व्हती, नाना. मले आठोते. मी दारात उभी व्हती, तू मले आत येऊ देत नव्हता."

"ही नाही ती," निंबा ओरडला. त्याला ओरडताना मी तेव्हाच ऐकलं. "ही बिमारी व्हय! ती अशी नव्हती."

"मले अशीच माहीत आहे. पारोळ्याले घेऊन जाऊ?"

"नाही. पुढल्या आखाजीले खरी दाखोतो."

आखाजी झाली तशी पुष्पा रडत गेली, आणि एस.टी. सुटून तास झाला नसेल तोवर निंबाने तो चेहरा अंगणात पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडला. मी माझ्या ओट्यावर बसून बघत होतो. पाय तोवर बरा झाला होता. चार पावलं जाऊन हात धरता आला असता. मला वाटलं, बघू तरी काय करतो.

पुढच्या वर्षभरात त्याने दुसरी धुरपदा केली. जाळीला आधी तेलाचा रंग दिला, दोन हात. मग फारुखने दिलेल्या जाळीदार कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या, म्हणजे प्लास्टर गळणार नाही. मिठाचा खडा घरात ठेवला नाही, भाजीसुद्धा अळणी खायचा म्हणे. अर्थात हे म्हणणारा मीच. चेहरा पहिल्याहून चांगला उतरला. आखाजीपर्यंत एक डाग नाही. भागाबाईने पाहिली तेव्हा तिने तोंडातली दात कोरायची काडी काढली आणि म्हणाली, "एवढी देखणी व्हती बया, अन् आम्हाला हनुवटीच दाखवली."

सत्तावन्नच्या आखाजीला पुष्पा आली. अंगाने भरली होती, बोलण्यात 'आहे'च्या जागी पारोळ्याचा 'शे' शिरला होता. निंबाने घागर मांडली होती, शेजारी पाटावर ती, कुंकू लावलेली. तो भिंतीला टेकून उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

पुष्पाने वाकून पाहिलं. समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं. मग परक्या घरी गेल्यावर बोलतात तशा आवाजात म्हणाली, "चांगली केली, नाना. हाई कोन शे?"

मला खोकला आला. निंबा म्हणाला, "गिऱ्हाइकाची व्हय. रावेरच्या."

"अन् माही माय कोठी ठेवली?"

निंबाने कळशी उचलली आणि घागरीत पाणी ओतायला लागला. घागर आधीच काठोकाठ होती. पाणी पाटाखालून वाहत उंबऱ्यापर्यंत गेलं, तरी तो ओतत राहिला, आणि पोरगी कोपऱ्यातली धोतरं एकेक उचलून त्यांच्याखाली बघत होती.