आडवी झालेली रेष
सोनचाफ्याचा वास आला की भुईगावच्या आमच्या स्वयंपाकघरातला आलेख आठवतो. चाफ्याच्या वाडीतून परतलेले वडील फुलांच्या वासाच्या बोटांनी प्रत्येक महिन्याचा खर्च आधीच्या खर्चात मिळवून निळा ठिपका मांडत; वर्षाच्या अंदाजाची लाल रेष शेजारून तिरकी चढत जाई. त्या वर्षी आईच्या औषधांनी निळी रेष लाल रेषेच्या कितीतरी वर गेली. "नाताळला काही ठेवाल की नाही?" आईने हसत विचारले. "तू गोळ्या घे. रेष चढू दे," वडील म्हणाले. पावसाळा सरता सरता आई गेली आणि निळी रेष जवळजवळ आडवी झाली. नाताळात लाल रेष तिच्या वरून निघून गेली. दोन रेषांमध्ये उरलेल्या त्या जागेकडे वडील नुसते पाहत राहिले. आता माझ्या खर्चाचा आलेख फोनच काढतो. तो चढू लागला की क्षणभर वाटते, आई घरात आहे.