समेटाची चिठ्ठी कोर्टात

मी त्या चिठ्ठीत जे लिहिलं त्याची मला आजही लाज वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

धरणगावजवळच्या आमच्या शेतात जायला एकच वाट आहे, शेजारच्या नानांच्या बांधालगतची. सासऱ्यांच्या आधीपासून आमचा कापूस तिथूनच बाहेर निघतो. नवरा गेला, शेत मी पाहायला लागले आणि नानांनी वाटेवर तारेचं कुंपण घातलं. बाईमाणूस काय करणार, असा त्यांचा होरा. वेचलेला कापूस शेतातच पडून राहिला.

कोर्टाची पायरी चढण्याआधी समेट करून पाहिला. आमच्याकडे समेटाला बसणारा आधी दोष स्वतःच्या पदरात घेतो. चूक असो नसो, दोघंही तसं लिहून देतात, गूळ खातात आणि मगच बोलणं सुरू होतं. आम्ही बसलो गादीवाल्या चाचांच्या दुकानात. दोन्ही घरांच्या गाद्या तेच भरतात. चाचांनी बसतानाच बजावलं, "यहाँ का लिख्या यहीच रहेंगा. कोरट-कचेरी में नई." आम्ही दोघांनी मान डोलावली.

मी लिहिलं, 'आजवर तुमच्या मेहेरबानीनं त्या वाटेनं आलो-गेलो, काही चुकलं असेल तर पदरात घ्या.' नानांनी लिहिलं, 'वाट तुमचीच आहे, कुंपण घातलं ही आमची चूक.' चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. गूळ गोड होता, बोलणं मात्र पुढे फिसकटलं. तार हटली नाही, तेव्हा मी दावा लावला.

आणि नानांच्या वकिलानं माझी चिठ्ठी कोर्टात हजर केली.

माझे वकील जळगावचे. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "ताई, वाट हक्कानं वापरली असेल तर मागता येते. मेहेरबानीनं वापरली म्हटलं की संपलं." मग त्यांनी विचारलं, "त्यांनीही काही लिहून दिलंच असेल की. फोटो काढून मोबाइलवर पाठवा, आपणही लावू."

चिठ्ठी माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीत होती. मी म्हटलं, "नाही पाठवणार."

"का?"

"त्यांनी शेण खाल्लं म्हणून मीही खाऊ?"

वकील चिडले. मीही चिडलेच होते. वाट गेली असती तर शेत असून नसल्यासारखं झालं असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण चाचांच्या दुकानात डोलावलेली मान माझी होती. शेवटी वकीलच म्हणाले, समेटातलं लिखाण पुराव्यात आणायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं हे दाखवता आलं, तर कोर्ट ते वाचणार नाही. त्यासाठी चाचा साक्षीला आले. दुकानात जे बोलले तेच त्यांनी तिथं सांगितलं.

मग साक्षीला मी उभी राहिले. नानांच्या वकिलानं चिठ्ठी पुढे धरली. "हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"मेहेरबानी हा शब्दही तुमचाच?"

"माझाच. समेटाला बसले होते, भांडायला नाही. तिथं असंच लिहितात. तुमच्या अशिलांना विचारा, त्यांना चांगलं ठाऊक आहे."

नानांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं असणार, आता मी त्यांची चिठ्ठी काढायला पिशवीत हात घालते. मी घातला नाही.

जजसाहेबांनी चिठ्ठी पुराव्यात घेतली नाही. दावा अजून चालू आहे, बाकीच्या साक्षी व्हायच्या आहेत, आणि निकाल माझ्याच बाजूनं लागेल असं वकीलही छातीठोकपणे सांगत नाहीत. त्या दिवशी बाहेर चहाच्या टपरीशी नाना आले. घरच्या अहिराणीत स्वतःच्या चिठ्ठीचंच विचारू लागले.

"वहिनी, मनी चिठ्ठी कोठे शे?"

"मनाजोडे शे, नाना. कोर्टले दखाडी नही."

त्यांना बोलायला जड जात होतं. मला त्यांची कीव आली नाही, खोटं कशाला सांगू.

"मंग परत बसूत का चाचाना दुकानमा?" त्यांनी विचारलं.

"बसूत," मी म्हटलं. "पहिले तार काढा."