सुतकातलं चा-चा

बाबा गेले तेव्हा मी हॅम्बर्गमध्ये होते. राहण्याच्या परवान्याचं कार्ड नूतनीकरणाला दिलेलं, आणि तिथल्या परवाना-ऑफिसची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, पुढच्या महिन्यातली. त्याआधी देशाबाहेर पडले तर परत आत येता येईल का, हे कुणीच ठामपणे सांगेना. शेवटी आईच म्हणाली, "येऊ नकोस. वेल्डिंग करून करून डोळे घालवले त्यांनी, ते तू शिकावीस म्हणूनच ना?" आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मग ती म्हणाली, "फक्त सुतक पाळ. तिकडं कुणी बघायला नाही, तरी पाळ. तेराव्यापर्यंत टीव्ही नको, गाणी नकोत. एवढं तरी कर त्यांच्यासाठी."

मी हो म्हटलं. बाबांसाठी करता येण्यासारखं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

मी राहायचे ती खोली एका फिलिपिनो बाईच्या घरातली. ती वृद्धाश्रमात नर्स होती. तिच्या भाषेत थोरल्या बहिणीला आते म्हणतात, मीही तिला तेच म्हणायचे. सकाळची पाळी संपवून आली की ती स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर मनिलातला कार्यक्रम लावायची. त्यात साध्या घरच्या बायकांची नाचाची स्पर्धा असायची. झालरीचे झगे, स्पॅनिश गाणी, ट्रम्पेट, आणि ठेक्यावर पुढे-मागे जाणारा चा-चा नाच. एरवी मला ते बघायला आवडायचं. बाजाराची पिशवी आत्ताच कोपऱ्यात ठेवून आल्यासारख्या दिसायच्या त्या बायका, आणि कंबर मात्र कशी वळवायच्या!

बाबांचं तिला मी एका वाक्यात सांगितलं. तिने मला जवळ घेतलं, भात आणि मुगाचं पातळ कालवण पुढ्यात ठेवलं आणि टीव्ही लावला.

"आते, नको. आमच्यात तेरा दिवस लावत नाहीत."

"मयताच्या घरात इतकं गप्प?" ती खरंच घाबरली. "आमच्याकडे शेजारी येऊन बसतात. पत्ते खेळतात, गाणी म्हणतात. घर गप्प केलं तर रडणाऱ्या माणसानं कुणाकडं बघायचं?"

"मी रडत नाहीये."

"गेनाऊ, तेच तर," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

वाद घालायला अंगात काही नव्हतं. उठून खोलीत जाता आलं असतं, पण तेही झालं नाही. मी बसून राहिले. पडद्यावर एक हिरव्या झग्यातली बाई पुढे येत होती, मागे जात होती. गाणं मला ऐकू येत होतं, पण शेजारच्या घरातून यावं तसं. भाताला चव नव्हती. मी वाईट मुलगी आहे का, असा विचार आला आणि तोही तसाच निघून गेला.

तेवढ्यात घरून फोन आला. आईच्या फोनवर काका होते.

"कसला आवाज आहे गं?"

मी रिमोट शोधू लागले.

"बाप जाऊन आठवडा नाही झाला आणि तिकडं ढोल-ताशे? वा! फार शिकलीस हो!"

"काका, ते…"

फोन कुणीतरी घेतला. पावलांचा आवाज, मग दार लोटल्याचा. आई होती.

"आई, चुकलं. बंद करते."

"जेवलीस का?"

"आतेनं भात केलाय."

"ती बसली आहे ना जवळ?"

"हो."

"मग आवाज तेवढा कमी कर. काकांना ऐकू जातं."

मी आवाज पूर्ण घालवला. आतेनं माझ्याकडे पाहिलं. आता बायका नुसत्याच नाचत होत्या. आई फोन ठेवेल असं वाटलं, पण तिने ठेवला नाही.

"इथं घर माणसांनी भरलंय," ती हळूच म्हणाली, "पण माझ्याशी कुणी बोलत नाही. नुसते बघतात." मग विचारलं, "कोण नाचतंय?"

"बायका. तुझ्या वयाच्या."

"बऱ्या नाचतात?"

मी पडद्याकडे नीट पाहिलं.

"एक हिरव्या झग्यातली आहे. तिची चप्पल निसटली आत्ता."

"अगं बाई," आई म्हणाली. "मग?"