परतबाई

परतबाईंच्या वर्गात सगळ्यात जास्त मान होता तो ज्याला काही समजलं नाही त्याला. "न्हाय समजला, परत सांगा," असं जो दिवसात पहिल्यांदा म्हणेल, त्याला शाळा सुटल्याची घंटा वाजवायला मिळायची. त्यामुळे चांगली हुशार पोरंसुद्धा सकाळपासून ढ असल्याचं सोंग घ्यायची. 'परत सांगा'वरून बाईंचं नाव परतबाई पडलं. मी शेजारच्या वर्गाची बाई. माझी पोरं खिडकीतून त्या घंटेकडे बघत बसायची आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

आमची शाळा शेलार गावाच्या अलीकडे. पोरं गावातल्या शेतकऱ्यांची, तशीच कापडाच्या लूमवर ड्युटी करणाऱ्या परप्रांतीयांचीही. बाई मूळच्या राहनाळच्या. घराला लागूनच लूमचा कारखाना, त्यामुळे लहानपणापासून त्या खटखटाटावर आवाज चढवून बोलायची सवय. त्यांनी पाढे घेतले की भिंतीपलीकडच्या माझ्या वर्गातही तेच पाढे पाठ व्हायचे. "मॅडम, तुमचं काम हलकं करते मी," वर हेही ऐकवायच्या.

'समजलं का?' हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. "अहो, 'समजलं का' म्हटलं की पोरं 'हो'च म्हणणार. पाहुण्याला 'जेवलात का' विचारल्यासारखं आहे ते. उपाशी असला तरी जेवलो म्हणतो." त्या विचारायच्या, "कोणाला न्हाय समजलं?" की सगळे हात वर. माझ्या वर्गात एकही हात वर होत नसे, आणि मला ती माझ्या शिकवण्याची पावती वाटायची.

आता माझ्या दुखण्याकडे येते. नोकरीला लागल्यापासून माझी एकच इच्छा होती. वर्षाअखेरच्या गोपनीय अहवालात तपासणीला येणाऱ्या साहेबांनी एकदा तरी माझ्या नावापुढे 'अत्युत्कृष्ट' लिहावं. मला दरवर्षी मिळायचं 'चांगले'. मुलगी बघायला आलेली माणसं जाताना 'स्वभावाने चांगली आहे हो' म्हणतात ना, तसलं चांगले. माझं पाठाचं टाचण रंगीत शाईत, समासासकट. परतबाईंचं टाचण कायम मागे पडलेलं. तपासणीची वर्दी आली की त्या माझंच मागून न्यायच्या आणि कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात उतरवून काढायच्या. परत देताना म्हणायच्या, "मॅडम, तुमचं टाचण म्हणजे रुखवत. बघत राहावं. खायचं मात्र नसतं."

त्या वर्षीच्या तपासणीला मी कंबर कसली. साहेब काय विचारतात ते मला ठाऊक होतं, ओळीने विचारतात तेही ठाऊक होतं. बसण्याच्या क्रमाने एकेकाला एकेक उत्तर घोटून दिलं. पण त्याच दिवशी पहिल्या रांगेतला एकजण घरच्यांबरोबर वज्रेश्वरीच्या जत्रेला गेला आणि सगळी रांग एका जागेने पुढे सरकली. साहेबांनी विचारलं, "आपल्या राज्याची राजधानी कोणती?" पोरगं खणखणीत आवाजात म्हणालं, "गाय गवत खाते." पुढच्याला विचारलं, "गाय काय खाते?" तो म्हणाला, "सात नवे त्रेसष्ट."

तिथून साहेब शेजारी गेले. मी दाराशी कान लावून उभी होते. साहेबांनी लूमवाल्याच्या शबनमला विचारलं, "अर्धा मोठा की पाव?"

शबनम उभी राहिली. "न्हाय समजला, साहेब. परत सांगा."

साहेब गांगरले. त्यांनी परत विचारलं.

"कंचा पाव? खायचा का? मग पाव मोठा. अर्धा पाव लहान असतो ना."

आत नुसता हशा. बाईंचा सगळ्यात मोठा. मला वाटलं, आता गेल्या बाई! पण साहेब खाली सतरंजीवर बसले आणि खडूने भाकरी काढून चार भाग करायला लागले. तरी शबनम म्हणालीच, "अजून एकदा." शाळा सुटताना घंटा शबनमने वाजवली आणि साहेब कौतुकाने बघत उभे राहिले.

बाईंना 'अत्युत्कृष्ट', मला 'चांगले'. अहवाल आला त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यापुढे डबा सरकवला, "खा हो. साहेब वर्षातून एकदा येतात. भूक रोज लागते." डब्यात सुकटीची चटणी होती. तीही माझ्यापेक्षा चांगली.

पुढे बाईंची बदली झाली, लांब शहापूरच्याही पलीकडे. निरोपाच्या दिवशी पोरं हुंदके देऊन रडली. माझ्यासाठी कोण रडेल, याचा हिशोब मी मनातल्या मनात करत होते. बाईंचा वर्ग माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी शिकवून झाल्यावर मी विचारलं, "समजलं का?" शबनम म्हणाली, "मॅडम, असा न्हाय इचारायचा. कोनाला न्हाय समजला, असा इचारायचा." मी दात-ओठ खात तसं विचारलं. अख्ख्या वर्गाने हात वर केले. मी परत शिकवलं. दुसऱ्या दिवशीही परत. आणि घंटेची प्रथा बंद करण्याची हिंमत मला काही झाली नाही.

यंदा अहवाल आला. माझ्या नावापुढे 'अत्युत्कृष्ट' लिहिलं होतं. मी तो शब्द बोटाने चाचपून बघितला आणि आधी बाईंनाच फोन लावला. त्यांना ऐकवायचंच होतं मला.

"अरे वा! पेढे पाठवा," त्या ओरडल्या. मग म्हणाल्या, "घंटा कोण वाजवतंय हल्ली?"

"रोज वेगळं. भांडतात मेली."

त्या मोठ्या आवाजाच्या बाई मग इतक्या हळू बोलल्या, की मला फोन कानाला दाबून धरावा लागला. "इथं अजून एकही पोर हात वर करत नाही हो. काही विचारलं की 'हो बाई, हो बाई'. घाबरतात मला. मॅडम, खरं सांगू? हेवा वाटतो तुमचा."

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी मी जळले, ते हे वाक्य. मला नीट ऐकू आलं होतं. डोळे का भरून आले, ते मात्र कळेना.

मी म्हटलं, "न्हाय समजला, बाई. परत सांगा."